होम थिएटर रिसीव्हर : आवाज व चित्राचे बिघाड

होम थिएटर रिसीव्हर म्हणजे सेटटॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर, गेम कन्सोल यांच्याकडून आलेले चित्र टीव्हीला आणि आवाज पाच-सात स्पीकर व सबवूफर यांना वाटून देणारे यंत्र. कोणते साधन चालवायचे ते निवडणारा स्विच, डॉल्बी-डीटीएस या पद्धतींनी बांधलेला अनेक स्पीकरांचा आवाज उलगडणारा डिकोडर आणि ॲम्प्लिफायर अशी तीन कामे एकाच पेटीत चालतात. इंदुरात ‘रिसीव्हर’ म्हटले की बऱ्याच जणांना डिशचा बॉक्सच आठवतो. राजेंद्रनगर किंवा सुदामानगरातल्या मराठी घरातून मेकॅनिकला फोन गेला, की तिकडून आधी ‘कौनसा रिसीवर?’ असे विचारले जाते. ‘ॲम्प्ली’ म्हटले की काम सोपे होते.

तक्रार आली तरी पेटी बहुधा धडधाकट असते. घोळ केबलमध्ये, सेटिंगमध्ये किंवा दोन यंत्रांच्या आपसातल्या बोलणीत असतो. म्हणून जाणकार माणूस आधी सेटटॉप बॉक्स थेट टीव्हीला लावून बघतो. चित्र आले, तर बॉक्स आणि ती केबल संशयातून सुटली. मग एकेक दुवा परत जोडत जायचे, एका वेळी एकच. चार गोष्टी एकदम हलवल्या तर बिघाड जातो, पण कशाने गेला ते कळत नाही, आणि आठवड्याने तो परत येतो.

चित्र न येणे : एचडीएमआयने (चित्र व आवाज एकत्र नेणाऱ्या केबलने) जोडलेली यंत्रे चालू होताना एकमेकांची ओळख पटवतात. लाइट जाऊन आल्यावर सगळी एकदम सुरू होतात आणि ही ओळख फसते. पडदा काळा, किंवा चित्र आहे पण आवाज नाही. सर्वांचे प्लग काढून पाचेक मिनिटे थांबावे, मग टीव्ही, रिसीव्हर आणि शेवटी बॉक्स या क्रमाने चालू करावे. ४के चित्रासाठी साखळीतल्या प्रत्येक यंत्राला एचडीसीपी २.२ हे नक्कल रोखणारे कुलूप उघडता यावे लागते. मधला रिसीव्हर जुना असेल तर चित्र १०८०पी वर उतरते किंवा येतच नाही. अशा वेळी बॉक्स थेट टीव्हीला जोडून आवाज तेवढा रिसीव्हरला आणणे, हा नवी पेटी घेण्यापेक्षा शहाणा उपाय. चित्रात चमकते ठिपके दिसले तर केबल कमी पडते असे समजावे. फॉल्स सीलिंगमधून ओढलेली दहा मीटरची साधी तांब्याची केबल ४केला भरवशाची नसते. तिच्याजागी ऑप्टिकल एचडीएमआय घातली तर टोके नीट वाचावीत. ती एकाच दिशेने चालते.

टीव्हीचा आवाज रिसीव्हरमध्ये न येणे : ही सोय एआरसीची, म्हणजे त्याच एचडीएमआय केबलने टीव्हीचा आवाज उलटा रिसीव्हरकडे आणण्याची; २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून ती आली. टीव्हीच्या ज्या सॉकेटवर ‘एआरसी’ लिहिले आहे तिथेच केबल हवी, आणि सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय, चालू हवे. याच सीईसीला सॅमसंग ‘एनीनेट प्लस’ म्हणते, एलजी ‘सिंपलिंक’, सोनी ‘ब्राव्हिया सिंक’; मेनूत शोधणाऱ्याचा घाम निघतो. आवाज आला पण दोनच स्पीकरमधून, तर टीव्हीचे डिजिटल ऑडिओ ‘पीसीएम’वर असण्याची शक्यता मोठी, ते ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ करावे.

याच्या उलट एक तक्रार इंदुरात हमखास ऐकू येते. लता मंगेशकरांचा जन्म १९२९ साली याच शहरातला, आणि घरातल्या आजीला त्यांची १९५०च्या दशकातली गाणी नव्या सिस्टिमवर ऐकायची असतात. गाणे सुरू होते आणि आवाज फक्त टीव्हीखालच्या मधल्या स्पीकरमधून. बाकीचे मेले, असा निष्कर्ष निघतो. ती ध्वनिमुद्रणे मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची, आहेत. डॉल्बीचा सराउंड मोड डाव्या-उजव्या वाहिन्या ताडून बघतो. दोन्हींत तंतोतंत तेच सापडले की ते सगळे मध्ये पाठवतो. रिमोटवर ‘स्टिरिओ’ मोड निवडला की पुढचे दोन्ही स्पीकर बोलू लागतात. खात्री हवी असेल तर सेटअपमधला टेस्ट टोन लावावा; तो पाळीपाळीने प्रत्येक स्पीकरमध्ये फिरतो.

घुंई : स्पीकरमधून सतत येणारी खालच्या सुरातली घुंई ५० हर्ट्झच्या विजेची असते, आणि ती बहुधा अर्थिंगच्या दोन वाटांमुळे शिरते. केबल टीव्हीची किंवा डिशची तार क्षणभर काढून पाहावी. घुंई थांबली तर चोर सापडला. केबलच्या तारेवर आयसोलेटर, म्हणजे अर्थिंगची वाट तोडणारा जोड, चालतो. डिशच्या तारेवर डीसी अडवणारा आयसोलेटर लावू नये, कारण गच्चीवरच्या एलएनबीला, म्हणजे डिशच्या तोंडाशी असलेल्या भागाला, वीज त्याच तारेतून जाते. तिथे डिशचे अर्थिंग घराच्या अर्थिंगशी जोडून घ्यावे. काही जण प्लगची अर्थिंगची पिनच कापतात. घुंई जाते खरी, पण आत काही शॉर्ट झाले तर पत्र्याच्या पेटीला करंट येतो.

संवाद ओठ हलण्याआधी ऐकू येत असतील तर टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घालवतो आहे. रिसीव्हरमधली ‘ऑडिओ डिले’ मिलिसेकंदांनी वाढवून जुळवावी. संवाद पुटपुटल्यासारखे आणि मारामारी कानठळ्या बसवणारी असेल तर मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने चढवावी. रात्री हळू आवाजात सबवूफर गप्प होतो, तो ऑटो स्टँडबायमुळे.

आपोआप बंद पडणे : रिसीव्हरच्या छोट्या पडद्यावर ‘प्रोटेक्ट’ आले की मागे पाहावे. स्पीकरच्या वायरीचा एखादा सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकलेला असतो. तसे नसेल तर उष्णता. शोकेसच्या काचेआड ठेवलेली पेटी इंदूरच्या मे महिन्यात, बाहेर चाळीस अंश असताना, धाप टाकणारच. वर निदान वीतभर जागा मोकळी हवी. धागा नाही, पेटी थंड आहे आणि तरी ‘प्रोटेक्ट’ येते, तेव्हाच ती महाराणी रोडच्या बाजारात कुणाला दाखवायची. झाकण स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो.

नेण्याआधी मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढावा. दहा-बारा तारा परत लावताना सराउंडचे डावे-उजवे उलटले, तर पडद्यावरची गाडी उजवीकडे निघून जाते आणि आवाज डाव्या कानाशी, आणि घरात कुणाच्या ते महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.