भारतीय महिला क्रिकेट संघ

आंतरराष्ट्रीय कसोटी, एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामन्यांत भारताकडून खेळणारा महिलांचा संघ. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून या संघाने पहिल्यांदा एकदिवसीय विश्वचषक जिंकला. २००६ पासून संघाचा कारभार बीसीसीआयकडे, म्हणजे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे आहे. त्याआधीची तेहेतीस वर्षे तो भारतीय महिला क्रिकेट संघटनेने चालवला. या संघाची कामगिरी मोजताना किती सामने जिंकले याच्याआधी किती सामने खेळायला मिळाले हे बघावे लागते. १९७६ ते जुलै २०२४ या जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षांत त्याच्या वाट्याला ४१ कसोटी आल्या. त्यातल्या ८ जिंकल्या, ६ गमावल्या आणि २७ अनिर्णित राहिल्या.

सुरुवातीची वर्षे

मुंबईत आलू बामजी यांनी १९६९ मध्ये 'अल्बीज' हा मुलींचा क्रिकेट क्लब काढला. राष्ट्रीय संघटना मात्र १९७३ मध्ये लखनौला नोंदवली गेली आणि तिच्यामागे महेंद्रकुमार शर्मा यांची धडपड होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुण्यात पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली. संघ तीनच होते: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. वर्षअखेरीस वाराणसीच्या दुसऱ्या स्पर्धेत आठ संघ उतरले, म्हणजे खेळायला मुली होत्याच, मैदान मिळण्याची खोटी होती. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील संघ पुणे, दिल्ली आणि कलकत्ता येथे तीन-तीन दिवसांचे सामने खेळला. या सामन्यांना अधिकृत कसोटीचा दर्जा नसल्याने ते नोंदींत सापडत नाहीत. तीन सामन्यांत उज्ज्वला निकम, सुधा शाह आणि श्रीरूपा बोस अशा तिघींनी एकेकदा नेतृत्व केले.

पहिली अधिकृत कसोटी ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी बंगळुरूला वेस्ट इंडीजविरुद्ध सुरू झाली. कर्णधार होत्या शांता रंगास्वामी. सहा कसोटींच्या त्या मालिकेतला पाटण्याचा सामना भारताने पाच गडी राखून जिंकला, तोच पहिला कसोटी विजय. जम्मूत वेस्ट इंडीजने परतफेड केली आणि मालिका १-१ अशी सुटली. पुढच्याच जानेवारीत ड्युनेडिनला न्यूझीलंडविरुद्ध १०८ धावा करून रंगास्वामी यांनी भारतीय महिलांचे पहिले कसोटी शतक नोंदवले.

संघटनेकडे पैसा नव्हता. खेळाडू रेल्वेच्या अनारक्षित डब्यातून जात, वसतिगृहात सतरंजीवर झोपत आणि परदेश दौऱ्यासाठी अनेकदा स्वतः वर्गणी भरत. हे चित्र थोडे पालटले ते रेल्वेच्या नोकऱ्यांमुळे. डायना एडल्जी यांनी त्यासाठी पाठपुरावा केला. पगार, सुट्टी आणि सरावाची सोय एका ठिकाणी मिळू लागल्यावर देशभरातल्या चांगल्या खेळाडू रेल्वेकडे वळल्या. देशांतर्गत स्पर्धांमध्ये रेल्वेचा संघ वर्षानुवर्षे अजिंक्य का राहिला, त्याचे कारण हेच.

१९७८ चा विश्वचषक भारतातच झाला. संघ चार होते, एडल्जी कर्णधार होत्या आणि तिन्ही सामने भारत हरला. १ जानेवारी १९७८ चा ईडन गार्डन्सवरचा इंग्लंडविरुद्धचा सामना हा भारताचा पहिला एकदिवसीय सामना. १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये वूस्टरला संध्या अगरवाल यांनी १९० धावा केल्या आणि बेटी स्नोबॉल यांचा १९३५ पासूनचा १८९ धावांचा विश्वविक्रम मोडला. एवढ्या मोठ्या खेळीनंतर संघाला पुढची कसोटी मिळायला १९९१ साल उजाडले. १९८८ च्या विश्वचषकाला भारत गेलाच नाही. ऐन भरात असलेल्या एका पिढीची ही पाच वर्षे कोणत्याही सरासरीत दिसत नाहीत.

कसोटी क्रिकेट

महिलांची कसोटी चार दिवसांची असते आणि दिवसाला १०० षटके टाकायची असतात. फॉलोऑन देण्यासाठी, म्हणजे मागे पडलेल्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला लावण्यासाठी, १५० धावांची आघाडी पुरते. चार दिवसांत चाळीस बळी पडणे अवघडच. त्यातून पावसाने एक दिवस खाल्ला की सामना अनिर्णित ठरलेलाच. पण भारताच्या २७ अनिर्णित सामन्यांमागे आणखी एक कारण आहे. देशांतर्गत क्रिकेटमध्ये महिलांचे अनेक दिवसांचे सामने बरीच वर्षे बंदच होते. अशा सामन्यांची आंतरविभागीय स्पर्धा पुण्यात मार्च २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. पन्नास षटकांचीच सवय असलेल्या गोलंदाजाला तिसऱ्या दिवशीच्या थकल्या खांद्यांनी टप्पा राखायचा कसा, हे थेट कसोटीतच शिकावे लागे.

आठही विजय सहज मोजता येतात. पाटणा १९७६ नंतर दुसरा विजय थेट २००२ मध्ये पार्लला, अंजुम चोप्राच्या नेतृत्वाखाली दक्षिण आफ्रिकेवर दहा गडी राखून मिळाला. २००६ मध्ये टाँटनला झूलन गोस्वामीने दोन्ही डावांत पाच-पाच (५/३३ आणि ५/४५) बळी घेतले आणि इंग्लंडमध्ये पहिली कसोटी व पहिली मालिका हाती आली. त्यानंतर आठ वर्षे एकही कसोटी नाही. २०१४ मध्ये वर्म्सलीला उतरलेल्या भारतीय अकरा जणींपैकी आठ जणी पहिलीच कसोटी खेळत होत्या, त्यात स्मृती मानधनाही होती. इंग्लंडचा पहिला डाव ९२ धावांत आटोपला आणि भारत सहा गडी राखून जिंकला. त्याच वर्षी म्हैसूरला तिरुष कामिनीच्या १९२ आणि पूनम राऊतच्या १३० धावांच्या जोरावर दक्षिण आफ्रिकेवर डावाने विजय मिळाला, आणि पुन्हा साडेसहा वर्षे कसोटी बंद. डिसेंबर २०२३ मध्ये दहा दिवसांच्या आत दोन विजय आले: डी. वाय. पाटील मैदानावर इंग्लंडवर ३४७ धावांनी, जो महिला कसोटीतला धावांच्या फरकाने सर्वांत मोठा विजय ठरला, आणि वानखेडेवर ऑस्ट्रेलियावर आठ गडी राखून, जो त्यांच्याविरुद्धचा पहिलाच. आठवा विजय चेन्नईत, जून-जुलै २०२४ मध्ये. तिथे शेफाली वर्माने १९४ चेंडूंत द्विशतक गाठले, मानधनाबरोबर २९२ धावांची सलामी दिली आणि ६ बाद ६०३ हा डाव महिला कसोटीतला सर्वोच्च ठरला.

फिरकी आणि चेंडू

महिलांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅम वजनाचा असतो. पुरुषांचा १५६ ते १६३ ग्रॅम. परीघही थोडा कमी असतो. लहान हातात तो नीट बसतो, बोटांनी जास्त फिरतो आणि हलका असल्यामुळे हवेत अधिक वळतो. फलंदाजाला मोठा फटका मारायचा तर वेग स्वतःच्या मनगटातून आणावा लागतो, कारण संथ चेंडूकडून तो उसना मिळत नाही. भारतीय संघाची ताकद पहिल्यापासून इथे आहे. डावखुऱ्या फिरकीपटू डायना एडल्जी यांचे २० कसोटींतले ६३ बळी आजही भारतीय उच्चांक आहेत. त्यांच्या पाठोपाठ पुण्याच्या लेगस्पिनर शुभांगी कुलकर्णी, १९ कसोटींत ६० बळी. १९९५ मध्ये जमशेदपूरला नीतू डेव्हिड यांनी इंग्लंडच्या एका डावात ५३ धावांत ८ बळी घेतले. महिला कसोटीतली ती आजवरची सर्वोत्तम गोलंदाजी आहे, आणि तरीही भारत तो सामना दोन धावांनी हरला. डी. वाय. पाटीलवरच्या २०२३ च्या कसोटीत ऑफस्पिनर दीप्ती शर्माने ५.३ षटकांत ७ धावा देऊन ५ बळी घेतले, तेव्हा हीच परंपरा पुढे चालत होती.

वेगवान गोलंदाजीत ही रांग लांब नाही. झूलन गोस्वामीचे एकदिवसीय सामन्यांतले २५५ बळी हा विश्वविक्रम, पण तिच्या वीस वर्षांच्या कारकिर्दीत दुसऱ्या टोकाने तिच्या तोडीची साथ क्वचितच मिळाली. अशी साथ देणाऱ्यांतली ठळक नावे मोजताना गोव्याकडून खेळणारी, हवाई दलातली अधिकारी शिखा पांडे पुढे येते.

एकदिवसीय विश्वचषक

भारत तीन अंतिम सामने खेळला: २००५, २०१७ आणि २०२५. पहिल्यात सेंच्युरियनला ऑस्ट्रेलियाने ९८ धावांनी सहज हरवले.

लॉर्ड्सवरचा २०१७ चा सामना मात्र हातात येऊन निसटला. उपांत्य फेरीत डर्बीला हरमनप्रीत कौरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ११५ चेंडूंत नाबाद १७१ धावा केल्या होत्या. अंतिम सामन्यात २२९ धावा हव्या होत्या आणि धावफलक ३ बाद १९१ होता. ४३ चेंडूंत ३८ धावा, सात गडी हाताशी. तिथे पूनम राऊत ८६ धावांवर पायचीत झाली आणि शेवटचे सात गडी २८ धावांत कोसळले. ॲन्या श्रबसोलने ४६ धावांत ६ बळी घेतले. भारत ९ धावांनी हरला. हा अपघात होता असे मानता येत नाही, कारण २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत बर्मिंगहॅमला टी-ट्वेंटीच्या अंतिम सामन्यात हेच घडले: २ बाद ११८ वरून सर्वबाद १५२, पुन्हा ९ धावांनीच पराभव. पहिल्या चार-पाच फलंदाजांवर सगळा भार, आणि खालच्या फळीत शेवटच्या दहा षटकांत चेंडूमागे धाव काढू शकणारे कोणी नाही, हे दुखणे जुने होते.

२०२५ च्या साखळीत ते पुन्हा वर आले. विशाखापट्टणमला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४ बाद २९४ वरून संघ ३३० वर आटोपला आणि ऑस्ट्रेलियाने ते आव्हान पार केले. पाचच गोलंदाज कमी पडतात हे ओळखून इंदूरला इंग्लंडविरुद्ध सहावी गोलंदाज घेतली, त्यासाठी जेमिमा रॉड्रिग्जला वगळले. तो सामना चार धावांनी गेला. सलग तीन पराभवांनंतर जेमिमा परतली आणि न्यूझीलंडवर मात करून संघाने उपांत्य फेरी गाठली. बांगलादेशविरुद्धच्या सामन्यात सलामीची प्रतिका रावल जायबंदी झाली, तिच्या जागी शेफालीला बोलावले.

३० ऑक्टोबरला डी. वाय. पाटील मैदानावर ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या. तिसऱ्या क्रमांकावर आपल्याला जायचे आहे हे जेमिमाला फलंदाजीच्या थोडेच आधी कळले, आणि दुसऱ्याच षटकात तिला जावे लागले. मुंबईच्या दमट हवेत ती शेवटपर्यंत टिकली: १३४ चेंडूंत नाबाद १२७, ८२ वर मिळालेल्या जीवदानासह. हरमनप्रीतने ८९ काढल्या, दोघींची भागीदारी १६७ ची. खाली दीप्ती, रिचा घोष आणि अमनजोत कौर यांनी धावगती पडू दिली नाही, ४८.३ षटकांत ५ बाद ३४१. महिला एकदिवसीय क्रिकेटमधला हा तोवरचा सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग. २०१७ आणि २०२२ मध्ये नेमके जे नव्हते ते याच तिघींत होते.

अंतिम सामन्यात मानधना-शेफालीने १०४ ची सलामी दिली, शेफालीने ८७ आणि दीप्तीने ५८ धावा केल्या. भारत ७ बाद २९८. दक्षिण आफ्रिका २ बाद ११४ अशी जमली असताना कर्णधार हरमनप्रीतने क्वचितच गोलंदाजी करणाऱ्या शेफालीच्या हातात चेंडू दिला. तिने सुने लूसला स्वतःच्याच गोलंदाजीवर झेलबाद केले आणि पाठोपाठ मारिझान काप. शतक करून उभ्या असलेल्या लॉरा वोल्व्हार्टचा उंच झेल अमनजोतच्या हातातून दोनदा उडाला आणि मग स्थिरावला. दीप्तीने ३९ धावांत ५ बळी घेतले. स्पर्धेत २२ बळी आणि २१५ धावा करून तीच मालिकावीर ठरली. प्रशिक्षक होते मुंबईचे अमोल मुझुमदार, ज्यांना स्वतःला भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नव्हता.

टी-ट्वेंटी आणि इतर स्पर्धा

पहिला टी-ट्वेंटी सामना ५ ऑगस्ट २००६ रोजी डर्बीला इंग्लंडविरुद्ध झाला आणि भारताने तो जिंकला. टी-ट्वेंटी विश्वचषकात २०२० ची अंतिम फेरी ही सर्वांत पुढची मजल. मेलबर्नला ८६,१७४ प्रेक्षकांसमोर ऑस्ट्रेलियाने ८५ धावांनी हरवले. आशिया चषक सात वेळा जिंकला, २०१८ ला बांगलादेशने आणि २०२४ ला श्रीलंकेने अंतिम सामन्यात रोखले. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले.

मानधन

२००५ च्या विश्वचषकात खेळाडूंना सामन्यामागे एक हजार रुपये मिळाल्याचे तेव्हाची कर्णधार मिताली राजने नंतर जाहीरपणे सांगितले. वार्षिक करार २०१५ पासून सुरू झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सामन्याचे मानधन पुरुषांइतके करण्यात आले: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. वार्षिक करारांच्या रकमेत मात्र मोठी तफावत राहिली, आणि कसोटीच क्वचित होत असल्याने त्या पंधरा लाखांचा प्रत्यक्ष लाभही क्वचितच.

नोंदी वाचताना

सामनेच कमी खेळायला मिळाले, या वर सांगितलेल्या मुद्द्याचा मिताली राजचे आकडे सर्वांत ठळक पुरावा आहेत. १९९९ मध्ये पदार्पणात नाबाद ११४, २३२ एकदिवसीय सामन्यांत ७,८०५ धावा, पण तेवीस वर्षांत कसोटी फक्त १२. त्यातल्या एकीत, टाँटनला २००२ मध्ये, तिने २१४ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम केला होता.

धावसंख्येची तुलना पुरुषांच्या सामन्यांशी करू नये. महिलांच्या मैदानाची सीमारेषा साधारण ५५ ते ६४ मीटरवर असते आणि एकदिवसीय सामन्यात पहिल्या दहा षटकांनंतर खेळपट्टीभोवतीच्या तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर शेवटपर्यंत चारच क्षेत्ररक्षक ठेवता येतात. पुरुषांना शेवटच्या दहा षटकांत पाचवा मिळतो. शेवटच्या षटकांत महिलांच्या डावात चौकार वाढतात ते त्यामुळेही. सुपर ओव्हरमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवण्यासाठीच्या जादा षटकात, जिंकलेला सामना तक्त्यात बरोबरीत धरला जातो: ११ डिसेंबर २०२२ रोजी डी. वाय. पाटीलवर दोन्ही संघ १८७ वर थांबल्यानंतर भारताने सुपर ओव्हरमध्ये २० विरुद्ध १६ अशी ऑस्ट्रेलियावर मात केली, पण विजयांच्या रकान्यात तो सामना शोधून सापडत नाही.