गृहयुद्धाचा उंबरठा नेमका कुठे असतो?

पावसाळ्यात कोल्हापूरकराच्या तोंडी दोन आकडे असतात. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका. परवा एका वृत्तवाहिनीवर कुठल्याशा परदेशाविषयी 'देश गृहयुद्धाच्या उंबरठ्यावर' अशी लाल पट्टी फिरत होती, तेव्हा शेजारी चहा घेत बसलेले गृहस्थ सहज म्हणाले, "पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर आहे हो, पातळी भरत आली, आता फुटणारच." पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्याला ही उपमा सुचणे स्वाभाविक आहे. मात्र गृहयुद्धांचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या काही दशकांत जे दाखवून दिले आहे, त्याच्याशी ती जुळत नाही.

आधी शब्दाविषयी थोडे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे अभ्यासक सशस्त्र संघर्षांची जी नोंद ठेवतात, तिच्यात एका वर्षात लढाईत किमान 1,000 माणसे मारली गेली तरच त्या संघर्षाला युद्ध म्हटले जाते, आणि गृहयुद्धाच्या बाबतीत त्यातला एक पक्ष सरकार व दुसरा संघटित सशस्त्र गट असावा लागतो. दंगल, बंद, समाजमाध्यमांवरची शिवीगाळ यांना हे माप लावले, तर लाल पट्टीवरची बहुतेक 'गृहयुद्धे' त्यात बसणारच नाहीत.

समाज जितका विभागलेला तितके युद्ध जवळ, हे गृहीतकही तपासून झाले आहे. जेम्स फिअरन आणि डेव्हिड लेटिन या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी 1945 ते 1999 या काळातील गृहयुद्धांचा अभ्यास करून 2003 मध्ये असे मांडले, की देशाचे दारिद्र्य लक्षात घेतल्यावर वांशिक किंवा धार्मिक विविधतेवरून युद्धाचे भाकीत करता येत नाही. दुबळे शासन, गरिबी आणि बंडखोरांना लपायला सोयीचा डोंगराळ मुलूख यांवरून ते अधिक चांगले करता येते. टांझानियात शंभराहून अधिक भाषिक गट आहेत आणि 1964 मधील स्थापनेपासून तिथे गृहयुद्ध झालेले नाही. सोमालियात बहुतेकांची भाषा एक आणि धर्मही एक, तरी 1991 मध्ये तिथली केंद्रीय सत्ता कोसळली आणि देशाची शकले झाली.

मग घसरण होते कशी? याचे मला सर्वांत आवडणारे उत्तर मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1978 मध्ये दिलेल्या प्रारूपात आहे, आणि योगायोग असा की त्यातील कळीची संज्ञा 'उंबरठा' हीच आहे. फरक इतकाच, की हा उंबरठा देशाचा नसतो. प्रत्येक माणसाचा आपापला असतो. अफवेच्या दिवशी महाद्वार रोडवर उभे राहिल्यास तो डोळ्यांनी दिसतो. एक सराफ कुणाचीही वाट न पाहता दुकान बंद करतो. शेजारचा कापडवाला त्याच्याकडे पाहून करतो. पलीकडचा भांडीवाला शटर निम्मे खाली ओढून, आकडी हातातच धरून पायरीवर उभा राहतो आणि दोन्हीकडच्या रांगेतली आणखी किती शटरे पडतात ते पाहतो. सराफाचा उंबरठा शून्य, कापडवाल्याचा एक, आणि भांडीवाल्याचा समजा दहा.

आता शंभर माणसांचा जमाव घ्या आणि त्यांचे उंबरठे 0, 1, 2 असे क्रमाने 99 पर्यंत आहेत असे माना. शून्यवाला दगड उचलतो, ते पाहून एकवाला, त्या दोघांना पाहून दोनवाला, आणि पाहता पाहता शंभरही जण दंगलीत उतरतात. या जमावात एकच बदल करा: ज्याचा उंबरठा 1 होता, त्याचा 2 करा. पहिला माणूस दगड मारतो आणि सारे तिथेच थांबते, कारण एकट्याला पाहून पुढे येणारा कुणी उरलेला नाही. उंबरठ्यांची सरासरी पहिल्या जमावात 49.5 आणि दुसऱ्यात 49.51. द्वेष मोजणारे एखादे यंत्र असते, तर त्याला हे दोन जमाव एकसारखेच दिसले असते.

ज्यांना आलेखाची भीती वाटत नाही, त्यांनी आडव्या अक्षावर आतापर्यंत उतरलेल्यांचे प्रमाण आणि उभ्या अक्षावर तेवढ्यांना पाहून उतरण्यास तयार असणाऱ्यांचे प्रमाण मांडावे. मिळणारा वक्र मूळबिंदूतून जाणाऱ्या 45 अंशांच्या रेषेला जिथे छेदतो, तिथे साखळी थांबू शकते. छेदाच्या ठिकाणी वक्राचा चढ 1 पेक्षा कमी असेल तर तो समतोल स्थिर आणि जास्त असेल तर अस्थिर. वक्र किंचित वर सरकला की खालचे दोन छेदबिंदू, एक स्थिर व एक अस्थिर, एकमेकांजवळ येऊन नाहीसे होतात, आणि कालपर्यंत पाच टक्क्यांवर थांबणारी साखळी थेट नव्वदीपर्यंत जाऊ शकते. कारण इवलेसे असते, परिणाम मात्र उडी मारतो.

म्हणूनच नदीपेक्षा राधानगरी धरणाची उपमा अधिक जवळची वाटते. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याची पातळी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की माणसाचा हात न लागता उघडतात. फरक एवढाच, आणि सारे गणित या फरकातच आहे: धरणाचा दरवाजा उघडला की पातळी उतरते, तर समाजातला एक 'दरवाजा' उघडला की उरलेल्यांसाठी ती चढते.

आपल्या भाषेत गृहयुद्धाला 'यादवी' हा शब्द आहे. मौसलपर्वात प्रभासक्षेत्री मद्य पिऊन बसलेल्या यादवांत सात्यकी आणि कृतवर्मा यांची जुन्या हत्यांवरून बाचाबाची होते, सात्यकी कृतवर्म्याचा शिरच्छेद करतो आणि मग जो तो एरका गवत उपटून मुसळासारखे चालवू लागतो. शून्य उंबरठ्याचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण. तरीही आपण लक्षात ठेवतो तो गांधारीचा शाप. आजही एखाद्या देशात गोळीबार सुरू झाला, की कुणी ना कुणी ज्योतिषी शनी-मंगळाची युती दाखवायला पुढे येतोच. ते ग्रह त्या दिवशी टांझानियाच्या आकाशातही असतात, याची तो दखल घेत नाही.

उंबरठे एकाएकी खाली येतात, ते मुख्यतः आपल्या रक्षणाला कुणी येणार नाही असे वाटू लागल्यावर. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ बॅरी पोझेन यांनी 1993 मध्ये हा विचार नीट मांडला: शासनाचा धाक आणि भरवसा संपला की एका गल्लीतले दोन समाज दोन शत्रुराष्ट्रांसारखे वागू लागतात, आणि एकाची बचावाची तयारी दुसऱ्याला हल्ल्याची तयारी दिसते. क्रोएशिया हे तेव्हाच्या युगोस्लाव्हियातले एक घटक प्रजासत्ताक, आणि त्याच्या लोकसंख्येत सर्ब सुमारे बारा टक्के होते. दुसऱ्या महायुद्धातील कत्तलींच्या आठवणी जाग्या असताना, 1990 च्या निवडणुकीत क्रोएशियात राष्ट्रवादी पक्ष सत्तेवर आला. 17 ऑगस्ट 1990 रोजी क्निन परिसरातील सर्बांनी पोलीस येऊ नयेत म्हणून झाडांचे ओंडके रस्त्यांवर आडवे टाकले. त्यांच्या दृष्टीने ते कुंपण होते, तर झाग्रेबच्या, म्हणजे क्रोएशियाच्या, सरकारच्या दृष्टीने किनाऱ्याकडे जाणारा रस्ता अडवणारे बंड. 2 मे 1991 रोजी बोरोवो सेलो गावी क्रोएशियाचे 12 पोलीस मारले गेले आणि 25 जूनला क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केले, तोपर्यंत दोन्हीकडचे अनेक भांडीवाले आपापली शटरे ओढून मोकळे झाले होते.

सरासरीवर विसंबू नये हे बोस्नियाची राजधानी साराजेव्होत फार जवळून दिसते. 5 एप्रिल 1992 रोजी तिथे हजारो लोक युद्ध नको म्हणून रस्त्यावर आले होते, त्यांत सर्ब, क्रोएट आणि मुस्लीम असे सगळेच होते. त्यातले काही जण अडथळे उभारलेल्या भागाकडे चालत निघाले असताना एका पुलावर गोळीबार झाला आणि दोन तरुण स्त्रिया ठार झाल्या. त्यानंतर शहराला पडलेला वेढा 1,425 दिवस टिकला. त्या पुलाला आज त्या दोघींची नावे आहेत.