ऐकणाऱ्याचा पत्ता कोणाकडे? स्वतंत्र संगीताच्या ऑनलाइन प्रसिद्धीची पार्श्वभूमी

नव्या गायकाला आज पहिला सल्ला मिळतो तो प्रोफाइल नीट ठेवण्याचा: रोज काहीतरी टाक, रील कर, फॉलोअर्स वाढव. हा सल्ला देणारे सहसा एक गोष्ट सांगत नाहीत. ज्या जागेवर तो गायक राबणार आहे ती जागा त्याची नसते, आणि गेल्या तीस वर्षांत अशा जागा संगीतकारांच्या पायाखालून एकदा नव्हे, अनेकदा सरकल्या आहेत. तो इतिहास माहीत असला तर प्रोफाइलकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे ठरवणं सोपं जातं.

रेकॉर्ड कंपनी आणि रेडिओ यांना वळसा घालून थेट श्रोत्यापर्यंत जाण्याची धडपड इंटरनेटच्या आधीची आहे. १९७१ साली अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडने आपल्या लाइव्ह अल्बमच्या वेष्टनावर चाहत्यांना आवाहन केलं होतं: नाव आणि पत्ता कळवा, आम्ही तुम्हाला आमची खबरबात देत राहू. त्यातून टपालाच्या पत्त्यांची जी यादी उभी राहिली, ती बँडच्या स्वतःच्या हातात होती. आपल्याकडे भीमगीतांच्या आणि लोकगीतांच्या कॅसेटी जत्रेत, दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवरच्या स्टॉलवर विकल्या गेल्या. तिथे यादी नव्हती, पण ऐकणारा आणि विकणारा समोरासमोर होते.

इंटरनेटवरची पहिली ठळक नोंद १९९३ची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ इथल्या विद्यार्थ्यांनी इंटरनेट अंडरग्राउंड म्युझिक अर्काइव्ह सुरू केलं. कंपनीशी करार नसलेल्या बँडने तिथे आपलं गाणं आणि माहिती ठेवायची. त्या काळच्या मॉडेमवर एक गाणं उतरवून घ्यायला अर्धा-पाऊण तास सहज जाई, तरी ऐकणारे मिळत. पुढे १९९७ मध्ये एमपीथ्री डॉट कॉम आलं आणि हजारो अनोळखी कलाकारांना तिथे स्वतःचं पान मिळालं. २००१ मध्ये ते व्हिव्हेंडी युनिव्हर्सल या बड्या माध्यम कंपनीने विकत घेतलं. २००३ मध्ये पुन्हा मालक बदलला आणि कलाकारांनी ठेवलेली गाणी वेबवरून काढून टाकण्यात आली. प्रसिद्धीचं साधन दुसऱ्याच्या मालकीचं असलं की काय होतं, हे तेव्हाच दिसायला हवं होतं.

त्याच २००३ साली लॉस एंजेलिसमध्ये मायस्पेस हे समाजमाध्यम सुरू झालं. आजची 'आर्टिस्ट प्रोफाइल' म्हणजे काय, हे खऱ्या अर्थाने तिथे ठरलं. पान उघडलं की गाणं वाजायला लागायचं. खाली कार्यक्रमांच्या तारखा, बाजूला मित्रयादी, त्याखाली चाहत्यांचे शेरे. रंग, चित्रं, मांडणी हवी तशी बदलता यायची, त्यामुळे पानं भडक आणि गचाळ दिसत. पण प्रत्येक पानाला त्या बँडचा चेहरा होता. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एखाद्या बँडच्या मित्रयादीत त्याच्या आवडीचे दुसरे बँड दिसायचे आणि ऐकणारा त्या वाटेने पुढे जायचा. पुढे काय ऐकावं हे संगणक नव्हे, तो बँड सुचवत होता. शहरातल्या छोट्या क्लबांचे आयोजकही बँड निवडायला तिथेच येत.

या काळाबद्दल एक समज पक्का रुजला आहे, तो दुरुस्त करायला हवा: मायस्पेसने आर्क्टिक मंकीज या बँडला घडवलं, असा. इंग्लंडच्या शेफील्डमधल्या या मुलांनी आपल्या कार्यक्रमांत डेमो सीडी फुकट वाटल्या होत्या. श्रोत्यांनी त्या संगणकावर चढवल्या, एकमेकांना पाठवल्या, आणि मायस्पेसवरचं पानही चाहत्यांनीच उघडलं. जून २००५ मध्ये डॉमिनो या स्वतंत्र लेबलने, म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपनीने, त्यांच्याशी करार केला. जानेवारी २००६ मध्ये आलेल्या पहिल्या अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये तीन लाख साठ हजारांहून अधिक प्रती खपल्या. म्हणजे गाव आधी बांधलं गेलं होतं ते कार्यक्रमांतून. वेबने त्याची वेस वाढवली. लिली ॲलन या ब्रिटिश गायिकेचं उदाहरणही असंच सांगितलं जातं, पण मायस्पेसवर डेमो टाकले तेव्हा तिच्याकडे लेबलचा करार होता. प्रोफाइल उघडली आणि नशीब उघडलं, असं या दोन्ही गोष्टींत घडलेलं नाही.

न्यूज कॉर्प या माध्यम कंपनीने २००५ मध्ये ५८ कोटी डॉलरना घेतलेलं मायस्पेस २०११ मध्ये सुमारे साडेतीन कोटी डॉलरना विकलं गेलं. खरा घाव मार्च २०१९ मध्ये उघड झाला: सर्व्हर हलवताना २००३ ते २०१५ या काळात चढवलेलं सगळं नष्ट झालं होतं. सुमारे एक कोटी चाळीस लाख कलाकारांची पाच कोटी गाणी! अभ्यासासाठी काहींनी आधी उतरवून ठेवलेली चार लाख नव्वद हजार गाणी तेवढी इंटरनेट अर्काइव्ह या जुनं डिजिटल साहित्य जपणाऱ्या संस्थेला वाचवता आली. अनेक बँडकडे त्या गाण्यांची दुसरी प्रत नव्हती. एका पिढीचं सुरुवातीचं संगीत असं पुसलं जावं, याची हळहळ अजून पुरेशी झालेली नाही.

दरम्यान लोक फेसबुकवर गेले होते. २००७च्या अखेरीस तिथे पेजेस आली आणि बँडनी चाहत्यांना पेज लाइक करायला लावलं. मग कळलं की लाइक करणारा प्रत्येक जण पोस्ट पाहतोच असं नाही. पेजची पोस्ट सरासरी १६ टक्के चाहत्यांपर्यंत पोहोचते, असं २०१२ मध्ये फेसबुकनेच सांगितलं. उरलेल्यांपर्यंत जायला पैसे भरण्याची सोयही त्याच वर्षी केली. कलाकाराने स्वतः जमवलेल्या श्रोत्यांना भेटण्यासाठी आता मधल्याला भाडं द्यायचं होतं. या साऱ्या इतिहासातलं सर्वांत निर्णायक वळण मी यालाच मानतो. २०१६ मध्ये इन्स्टाग्रामनेही पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवणं सोडलं.

भारतात ही गोष्ट थोडी वेगळ्या चालीने गेली, कारण इथे संगीताचा बाजार म्हणजे मुख्यतः चित्रपट. इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडने २०१० मध्ये अख्खा अल्बम कंपनीला न देता महिन्याला एक गाणं याप्रमाणे वेबवर मोफत द्यायला सुरुवात केली. कमाई कार्यक्रमांतून करायची हे गणित त्यामागे होतं. त्याच वर्षी पुण्यात एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला आणि ऑनलाइन ऐकलेले बँड प्रत्यक्ष ऐकायची जागा तयार झाली. २०१४ मध्ये कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने आयपॅडवरच रेकॉर्ड केलेलं, आयपॅडवरच चित्रित केलेलं रॅप यूट्यूबवर टाकलं. २०१६ मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि व्हिडिओ गावोगाव पोहोचला. टिकटॉकवर महाराष्ट्राच्या खेड्यांतले आवाज ऐकू येऊ लागले होते, तोच २९ जून २०२० रोजी सरकारची टिकटॉकवर बंदी आली आणि रातोरात ती खाती, ते फॉलोअर्स हातातून गेले. पुढच्या काही दिवसांतच इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं आणि सगळ्यांनी शून्यातून पुन्हा मोजायला सुरुवात केली.

रील्सने मराठीला दिलेलं यश नाकारायचं कारण नाही. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये देशभर नाचलं गेलं. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलने काढलं. मराठी शब्द, मराठी ठेका, आणि ऐकणारे भाषेपलीकडचे. पण रीलवर गाण्याचा तुकडा फिरतो. मुखडा लाखोंना पाठ होतो, गायकाचं नाव फार थोड्यांना. लोक प्रोफाइलवर जातच नाहीत. गाणं त्यांच्या पुढ्यात येतं आणि बोटाच्या एका झटक्यात निघून जातं.

पैशाचा हिशेब यापुढचा. स्पॉटिफायने २०२४ पासून बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगची रॉयल्टी देणं बंद केलं. २००८ मध्ये सुरू झालेलं बँडकॅम्प हे गाणी विकण्याचं संकेतस्थळ थेट विक्रीतून डिजिटल गाण्यांवर साधारण १५ टक्के ठेवून बाकी कलाकाराला देतं. तेही २०२२ आणि २०२३ मध्ये लागोपाठ दोनदा विकलं गेलं आणि दुसऱ्या विक्रीनंतर जवळपास निम्मे कर्मचारी कमी झाले. शिवाय बँडकॅम्पवरचे पैसे ज्या ऑनलाइन सेवेतून कलाकाराला मिळतात त्या पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातले देशांतर्गत व्यवहार थांबवल्याने भारतीय श्रोत्याने भारतीय बँडला त्या वाटेने पैसे देणं अडचणीचं झालं. म्हणून इथले अनेक स्वतंत्र कलाकार आता रीलला फक्त ओळख करून देण्यापुरतं वापरतात. ऐकणाऱ्याला तिथून व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा ईमेल यादीत आणतात, कार्यक्रमाची तिकिटं आणि टी-शर्ट यूपीआयवर विकतात, आणि मूळ रेकॉर्डिंग स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवतात.