ऑब्जेक्ट छापला की ‘@’ का दिसतं?

दादर-ठाण्याच्या क्लासांत असो की कॉलेजच्या लॅबमध्ये, जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताना पहिल्यांदा ऑब्जेक्ट (म्हणजे एखाद्या विद्यार्थ्याची माहिती एकत्र ठेवणारी प्रोग्राममधली वस्तू) छापला की नाव आणि मार्कांऐवजी ‘स्टुडंट@७४२९२३६४’ असलं काहीतरी उमटतं. व्हायवाला ‘हा मेमरी ॲड्रेस’ हे उत्तर ठरलेलं, आणि ते चूक. @च्या आधी क्लासचं, म्हणजे ऑब्जेक्ट ज्या साच्यातून घडतो त्याचं नाव असतं, नंतर हॅशकोड, म्हणजे ऑब्जेक्टला मिळालेला एक आकडा, सोळाच्या पायात लिहिलेला.

ऑब्जेक्टनं स्वतःची ओळख स्वतः सांगायची, ही रीत तशी उशिराची. १९६४ साली कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक बसला, त्या काळात फोरट्रान भाषेत कुठला आकडा किती घरांत छापायचा हे छापणाऱ्यानंच फॉरमॅट देऊन सांगायचं असे. सी भाषेतल्या प्रिंटएफ या छपाईच्या फंक्शननं तोच शिरस्ता पुढे चालवला. ऑस्लोच्या सिम्युला ६७ या भाषेनं क्लास आणले खरे, पण छपाई तशीच राहिली.

बाजू पालटली ती झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत तयार झालेल्या स्मॉलटॉक भाषेनं. तिथे प्रत्येक ऑब्जेक्टला ‘प्रिंटस्ट्रिंग’ हा संदेश कळतो. तो आतून ‘प्रिंटऑन’ला बोलावतो आणि आपला मजकूर एका स्ट्रीमवर, म्हणजे अक्षरांच्या प्रवाहात, लिहितो. आपण काहीच लिहिलं नाही तर मूळ ऑब्जेक्ट क्लासकडून क्लासचं नाव तरी मिळतं, तेही स्वर-व्यंजन पाहून ‘अ’ किंवा ‘ॲन’ लावून! एवढी आस्था नंतरच्या भाषांनी दाखवली नाही.

सी++नं << हे चिन्ह छपाईसाठी घेतलं. त्याच्या डावीकडे स्ट्रीम असल्यामुळे ते फंक्शन आपल्या क्लासचं सदस्य होऊ शकत नाही. बाहेर लिहून त्याला ‘फ्रेंड’ करण्याची, म्हणजे क्लासच्या आतलं पाहायची मुभा देण्याची कसरत तिथूनच आली.

१९९५च्या जावानं स्मॉलटॉकची कल्पना उचलली: सगळ्यांच्या मुळाशी ‘ऑब्जेक्ट’, त्यात ऑब्जेक्टचं वर्णन देणारं टूस्ट्रिंग, आणि छापणारं प्रिंटएलएन ते आपसूक बोलावणार. पण हे वर्णन वापरणाऱ्यासाठी की बग शोधणाऱ्यासाठी, याचा निवाडा जावानं केलाच नाही. पायथन भाषेनं त्यासाठी वापरणाऱ्याला एसटीआर आणि बग शोधणाऱ्याला रेपर अशी दोन दारं ठेवली, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं होतं. जावात एकाच टूस्ट्रिंगवर दोन्ही कामं पडतात. २०२१मध्ये जावा १६सोबत पक्के झालेले रेकॉर्ड, म्हणजे नुसती माहिती ठेवणारे आटोपशीर क्लास, टूस्ट्रिंग आपोआप लिहून देतात. त्यात सगळे घटक छापले जातात, त्यामुळे रेकॉर्डमध्ये पासवर्ड ठेवला असेल तर रेकॉर्ड छापताच तोही सरळ लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत जातो.