चौकट सुटते तेव्हा

सोलापूरच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक मोबाइलवर टिपताना नंदीध्वज पेलणाऱ्या एका भक्तावर मी बोट टेकवलं. पडद्यावरची, माणसाचा माग ठेवणारी चौकट त्याला चिकटली, दहा पावलं नीट चालली. मधे कुणी आडवं आलं आणि चौकट शेजारच्यावर जाऊन बसली. सगळेच पांढऱ्या बाराबंदीत. बिचाऱ्या कॅमेऱ्याने ओळखायचं कसं?

हलत्या लक्ष्याचा माग ठेवण्याची ही डोकेदुखी जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफांसाठी गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर विमान पुढे कुठे असेल याचं गणित मांडत होते. १९६० मध्ये रुडॉल्फ काल्मन यांनी वेगळी, संगणकावर चालवायला सोयीची रीत दिली: आधी अंदाज, मग मोजमाप, आणि ज्याची खात्री जास्त त्याला वजन जास्त. अपोलो मोहिमांनाही ती कामी आली. पण विमानाने गिरकी घेतली की सरळ चालीचा अंदाज तोंडघशी पडतो. म्हणून १९८८ मध्ये ब्लॉम आणि बार-शालोम यांनी अनेक चालींचे हिशेब एकदम चालू ठेवले; जो जुळेल त्याचं वजन वाढवायचं.

हे झालं चालीचं. रूपाचं प्रकरण अवघड. रडारवर ठिपका दिसतो, कॅमेऱ्यात अख्खं चित्र. व्हिएतनाम युद्धातल्या वॉलआय बॉम्बच्या नाकात टीव्ही कॅमेरा होता. तो उजेड-काळोखाच्या कडेला धरून राहायचा. पुढे उष्णता टिपणारे कॅमेरे आले, त्यांची खोड निराळी. उन्हात तापलेलं लोखंड आणि माळाची जमीन सकाळ-संध्याकाळी कधीतरी सारख्याच तापमानाला येतात, आणि लक्ष्य पार्श्वभूमीत विरघळतं.

लक्ष्य वळतं, लहान-मोठं होतं, म्हणून त्याचा साचा, म्हणजे ते कसं दिसतं याचा साठवलेला नमुना, सतत बदलता ठेवावा लागतो. गोम इथेच आहे. चौकट थोडी सरकली की साचा मागची भिंतच शिकू लागतो आणि चुकीवर चूक चढते. २०१० मध्ये बोल्मे आणि सहकाऱ्यांनी मांडलेली माग ठेवण्याची ‘मॉसी’ पद्धत दर चित्रागणिक शिकायची, सेकंदाला ६६९ चित्रांच्या वेगाने. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त आवडते: साचा चित्रात कुठे किती जुळतो याच्या आलेखातलं शिखर बोथट झालं की लक्ष्य झाकलंय असं समजून ती शिकणं थांबवायची.

पुढच्या वेळी मी माणूस सोडून नंदीध्वजाच्या टोकावर बोट टेकवलं. मागे मोकळं आभाळ. चौकट बराच वेळ त्यावरून सुटली नाही.