कच्ची वहीच खरी वही

राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेच्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या सोलापुरातल्या मुलांना कंबर तलाव अगदी सोयीचा. शहरातच आहे, पक्षी आहेत, जलपर्णी आहे. पण बरेचदा तलावावर चिठ्ठीत टिपायचं, घरी येऊन ‘फेअर’ वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायचं आणि चिठ्ठी फेकून द्यायची, असं चालतं. माझ्या मते प्रकल्पाचं सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं.

समजा, फेअर वहीत लिहिलंय : ‘आज पाणी घाण होतं म्हणून पक्षी कमी आले.’ किती पक्षी? किती वाजता? घाण म्हणजे रंग, वास की जलपर्णी? आणि ‘म्हणून’ तर थेट निष्कर्षच. तो खरा की खोटा हे तपासायलाच प्रकल्प घेतलाय ना! काठावर उभं राहून थेट कच्च्या वहीत केलेली नोंद अशी दिसेल : ‘१२ जानेवारी, सकाळी ७.१०, पूर्वेचा काठ. ढगाळ, वारा नाही. पक्षी : शेकाटे १४, वारकरी ९. जलपर्णीआडचे मोजता आले नाहीत. पाणी हिरवट. काठावर धुणं चालू.’ हे डाव्या पानावर. उजव्या पानावर फक्त शंका : ‘धुण्यामुळे पक्षी लांब गेले का? धुणं नसेल त्या दिवशी याच वेळी मोजायचं.’ पाहिलेलं आणि वाटलेलं असं वेगळं राहिलं, की पुढच्या खेपेला काय करायचं ते वहीच सांगते.

एकही पक्षी दिसला नाही तर ‘०’ लिहायचं. रिकाम्या चौकटीवरून पक्षी नव्हते की मोजणारे गेलेच नव्हते, हे महिन्याभराने कुणालाच सांगता येत नाही.

अंदाजाच्या विरुद्ध जाणारी नोंद तर आधी लिहावी. चार्ल्स डार्विनने आत्मचरित्रात हा आपला नियमच सांगितलाय : आपल्या निष्कर्षांना छेद देणारी गोष्ट दिसली की लगेच टिपून ठेवायची, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा अशाच गोष्टी लवकर विसरतात. मायकेल फॅरडे प्रयोगवहीतल्या परिच्छेदांना क्रमांक देत असे. ते १६ हजारांवर गेले. त्यामुळे जुनी नोंद हवी तेव्हा सापडे. मुलांनी निदान पानांना क्रमांक द्यावेत.

खोडरबर मात्र घरीच ठेवा. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. पुस्तकातून काही घेतलं तर नाव आणि पान तिथल्या तिथे लिहा. आणि अधूनमधून वही गटातल्या अशा मुलाला द्या, जो त्या दिवशी आला नव्हता. नुसतं वाचून त्याला त्याच जागी उभं राहून तशीच मोजणी करता येते का, ते बघा. तो जे विचारेल, ते पुढच्या वेळेपासून वहीत यायला हवं.