आहारधोरण : सातारा व सांगली जिल्हे

लोकांच्या ताटात काय येते हे ज्या सरकारी निर्णयांनी ठरते, त्यांना मिळून आहारधोरण म्हणतात. हमीभाव, रेशन, शाळेतला पोषण आहार, पाटाचे पाणी, खाद्यपेयांवरचे कर असे सगळे त्यात मोडते. जमीन आणि पाणी न संपवता प्रत्येकाला सकस अन्न मिळावे, हा त्याचा हेतू.

सातारा-सांगलीत हा हेतू कुठे साधला आणि कुठे निसटला, ते स्पष्ट दिसते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला पाचशेच्या आसपास पडला तरी साल बरे गेले म्हणतात. पिकेही तशीच वाटली गेली. पाटण, जावळीच्या उतारावर भात, नाचणी, वरी. कृष्णाकाठी ऊस आणि हळद. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी टापूत ज्वारी, बाजरी, मटकी, हुलगा. भाकरी, ठेचा, मटकीची उसळ आणि थंडीत हुलग्याचे माडगे हे इथले जुने जेवण. त्यात धान्य, कडधान्य आणि शेंगदाणा आपोआप एकत्र येत.

या जेवणाला धक्का बसला तो मुख्यतः भावाच्या हमीमुळे. उसाला १९६६च्या नियंत्रण आदेशाचा आधार आहे. कारखान्याला ठरलेला किमान दर द्यावाच लागतो आणि तोही चौदा दिवसांत, असे कायदा सांगतो. ज्वारीलाही हमीभाव जाहीर होतो. २०२४-२५ साठी मालदांडी वाणाच्या ज्वारीचा क्विंटलला ३,४२१ रुपये होता. पण व्यापाऱ्यावर तो बंधनकारक नाही आणि सरकारी केंद्रावर पोती घेतली गेली तरच त्याला अर्थ. पाणी आले की शेतकरी उसाकडे वळतो, यात त्याचा दोष नाही. त्याची किंमत मात्र जमिनीने मोजली. अतिपाण्याने वाळवा, मिरज, पलूस तालुक्यांतली कितीतरी काळी जमीन क्षारपड होऊन पांढरी पडली. ठिबकला अनुदान आहे, निचऱ्याची कामेही होतात. पण पाण्याचे वाटप पीक पाहून होत नाही, तोवर हे उपाय अपुरे राहतात.

ज्वारीबद्दल आणखी एक गोष्ट धोरण ठरवणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. शेतकरी ज्वारी पेरतो ती निम्मी कडब्यासाठी. दाणे घरात आणि पेंढ्या गोठ्यात, असा तो हिशेब असतो. म्हणून ज्वारी घटली की दुष्काळात चाऱ्याचीही ओढ लागते आणि जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागतात.

रेशनचा परिणाम याहून मोठा आहे. १९७२च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळालेला सुकडी नावाचा कोरडा पौष्टिक खाऊ माणदेशातली म्हातारी माणसे अजून विसरलेली नाहीत. हाताला काम असेल तरच पोटात अन्न, हा विचारही याच मातीतला. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे नेते वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना आधी तासगाव तालुक्यात अजमावली गेली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पुढे २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून ते धान्य मोफत आहे. उपासमारीची भीती घालवणारा हा कायदा फार मोलाचा आहे. पण त्यात ज्वारी, बाजरी, नाचणी अशा भरडधान्याची तरतूद असूनही दुकानातून प्रामुख्याने गहू आणि तांदूळच मिळत आले, आणि जिथे दोन्ही वेळा भाकरी व्हायची तिथे चपाती-भात रुळला. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष भारताच्याच पुढाकाराने पाळले गेले. त्या वर्षी प्रदर्शने पुष्कळ झाली, पण रेशनच्या पोत्यात त्यामानाने फारसा बदल झाला नाही.

बदलाला सगळ्यात जास्त वाव शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. मध्यान्ह भोजनाच्या नियमाप्रमाणे प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि त्यातून ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. उच्च प्राथमिकला धान्य १५० ग्रॅम. महाराष्ट्रात हे धान्य मुख्यतः तांदूळ, म्हणून खिचडी. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचा निधी थांबवला. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत हे पाऊल मागे घेतले जायला नको होते. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. पाटणच्या उतारावरची नाचणी त्याच तालुक्यातल्या शाळेत शिजली तर पिकवणाऱ्यालाही घरचे गिऱ्हाईक मिळेल. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. तो राजमा म्हणून उत्तरेकडे जातो, आणि इथल्या पोरांच्या ताटात क्वचित येतो.

करांचे हत्यारही वापरात आहे. साखर घातलेल्या शीतपेयांवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. गावच्या टपरीवरच्या वेफर्स-फरसाणाच्या पाच रुपयांच्या पुड्यांना मात्र त्याचा चटका बसत नाही.

शेवटी प्रश्न कष्टांचा येतो. रब्बी ज्वारी मुळासकट उपटून काढतात. त्या कामाने तळहाताला फोड येतात आणि मजूर मिळत नाहीत. घरात कढत पाण्यात पीठ मळायचे, परातीत एकेक भाकरी थापायची, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि मग आरावर फुगवायची. बाईला चुलीपुढून उठता येत नाही. शिवाय बाजरीचे पीठ काही दिवसांतच कडू होते, म्हणून दळण सारखे करावे लागते. काढणीचे यंत्र, गावात धान्य निवडून दळून देणारा बचत गट आणि शाळेत भाकरी थापणाऱ्या बाईला पुरेसे मानधन यांवर खर्च झाला, तरच ज्वारी पुन्हा रोजच्या ताटात येईल.